गोव्यात सिक्युरिटी एजन्सी काढताय? पसारा लायसन्सपासून पहिल्या बिलापर्यंत

सैन्यातून किंवा पोलिसांतून निवृत्त होऊन पेडणे, सत्तरी, डिचोलीकडे परतलेल्या माणसाला कोणी ना कोणी हमखास सुचवतो, "सिक्युरिटी एजन्सी काढा की!" सल्ला वाईट नाही. वेर्णा, कुंडई, पिळर्णच्या औद्योगिक वसाहती, पर्वरीच्या सोसायट्या, किनाऱ्यावरची हॉटेलं आणि क्लब, २०२३ पासून विमानं उतरू लागलेल्या मोपाच्या आसपासची बांधकामं, माणसं सगळ्यांनाच हवी आहेत. पण ओळखीची चार पोरं जमवायची, खाकी कपडे शिवायचे आणि गेटवर उभी करायची, असा हा धंदा नाही. खासगी सुरक्षा एजन्सी (नियमन) कायदा, २००५ हा १४ मार्च २००६ पासून लागू आहे आणि त्याखालच्या परवान्याशिवाय एजन्सी चालवली तर एक वर्षापर्यंत कैद, २५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. या परवान्यालाच, कायद्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून (PSARA), धंद्यातले लोक 'पसारा लायसन्स' म्हणतात.

अर्जाच्या आधी: गार्डला अधिकार किती?

कागदपत्रांकडे जाण्यापूर्वी ही गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कारण पुढच्या बहुतेक अटी तिच्यातूनच आल्या आहेत. तुमच्या गार्डला सामान्य नागरिकापेक्षा एक कणही जास्त अधिकार नाही. परवाना मिळाला म्हणजे सरकारने पोलिसांची थोडी सत्ता तुम्हाला दिली, असा समज सर्रास दिसतो आणि तो साफ चुकीचा आहे. मिळते ती जबाबदारी. बळ वापरण्याचा हक्क लोकांनी निवडलेल्या सरकारला आणि कायद्याला बांधलेल्या पोलिसांना. गणवेश घातलेला खासगी माणूस त्या हक्काच्या फार जवळ उभा असतो, म्हणून त्याच्यावर एवढी नजर.

प्रत्यक्षात याचा अर्थ काय? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार, आपल्या डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला कोणीही नागरिक पकडू शकतो, पण विनाकारण वेळ न घालवता आणि जास्तीत जास्त सहा तासांत त्याला पोलिसांच्या हवाली करावं लागतं. गार्डच्या हातात आहे ते एवढंच. क्लबमध्ये गिऱ्हाईक बिलावरून भांडलं म्हणून त्याला मागच्या खोलीत बसवून ठेवलं, तर तो अन्यायाने डांबून ठेवण्याचा गुन्हा होतो (भारतीय न्याय संहिता, कलम १२७) आणि उद्या पोलीस ठाण्यात तुमचाच गार्ड बसलेला असेल. अंगावर आलेल्या हल्ल्यापासून स्वतःला किंवा दुसऱ्याला वाचवणं हा प्रत्येकाचा हक्क आहे, तसा गार्डचाही. धडा शिकवणं त्यात बसत नाही. पाहुण्याची बॅग तपासायची तर त्याच्या संमतीने. तो नाही म्हणाला तर आत सोडायचं की नाही हे जागेचा मालक ठरवू शकतो, बॅग हिसकावून उघडता येत नाही. बाईची तपासणी बाई गार्डनेच करायची. प्रकरण हाताबाहेर जातंय असं वाटलं की ११२.

गोव्यातलं आणखी एक दुखणं सांगतो. रिसॉर्टच्या बाजूने समुद्राकडे किंवा देवळाकडे जाणारी जुनी वाट असते. व्यवस्थापन तिथे गार्ड उभा करतं आणि तो गावकऱ्यांना अडवतो. किनारा सार्वजनिक आहे आणि वहिवाटेच्या वाटेचा वाद पंचायतीत, मामलेदारापुढे किंवा कोर्टात सुटतो, गार्डच्या काठीने नव्हे. करार करताना अशा वाटेबद्दल थेट विचारा. उत्तर गुळमुळीत आलं, तर मी तरी ते काम सोडून देईन.

परवाना कोणाला लागतो

दुसऱ्याच्या माणसांची किंवा मालमत्तेची राखण करायला गार्ड पुरवण्याचा धंदा करणाऱ्या प्रत्येकाला. गार्डना किंवा सुपरवायझरना प्रशिक्षण देण्याचा धंदासुद्धा कायद्याच्या व्याख्येत येतो. सोसायटीने स्वतःच्या पगारावर एक वॉचमन ठेवला, तर सोसायटी एजन्सी ठरत नाही.

बाउन्सरचं काय, हा प्रश्न गोव्यात सगळ्यात आधी येतो. कायद्यात 'बाउन्सर' असा वेगळा प्राणी नाही. माणसाची किंवा मालमत्तेची राखण करायला एजन्सीने पाठवलेला माणूस गार्डच, मग त्याने काळा टी-शर्ट घातलेला असो वा टाय. क्लबच्या स्वतःच्या पगारावरचे बाउन्सर मात्र या कायद्याच्या कक्षेतून निसटतात, आणि माझ्या मते ही त्यातली मोठी फट आहे. जून २०२४ मध्ये आसगावात बाउन्सर आणून राहतं घर पाडण्याचा प्रकार राज्यभर गाजला. तेव्हापासून 'सिक्युरिटी' म्हटलं की लोकांच्या मनात कोणतं चित्र येतं, हे नव्याने धंद्यात येणाऱ्याने ओळखून असावं. जागेचा ताबा मिळवून द्यायला, भाडेकरू हुसकायला किंवा कुंपण घालताना 'उभं राहायला' माणसं मागणारे फोन येतील. पैसे दुप्पट देऊ करतील. नाही म्हणा.

परवाना राज्यापुरता असतो. सावंतवाडीच्या किंवा दोडामार्गच्या एजन्सीकडे महाराष्ट्राचा परवाना असला, तरी पत्रादेवी ओलांडली की गोव्याचा वेगळा लागतो. मुंबईत नोकरी केलेल्यांना तिथलं सुरक्षा रक्षक मंडळ ठाऊक असेल. ते महाराष्ट्राच्या १९८१ च्या कायद्याने आलं आणि तो कायदा महाराष्ट्रापुरताच आहे. इथे गार्डच्या पगाराची, रजेची, भविष्य निर्वाह निधीची जबाबदारी सरळ एजन्सीवर येते.

अर्ज आणि पोलीस पडताळणी

परवाना देणारा नियंत्रक अधिकारी राज्य सरकार नेमतं. तो गृह खात्याच्या सहसचिवापेक्षा खालच्या दर्जाचा नसावा, अशी कायद्याची अट आहे. अर्ज कागदावर द्यायचा की केंद्राच्या पसारा पोर्टलवर, हे त्या कार्यालयात आधीच विचारून घ्या.

अपात्र कोण ठरतं ते पाहा. किमान दोन वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यात दोषी ठरलेला, दिवाळखोरीतून मुक्त न झालेला, बंदी घातलेल्या संघटनेशी संबंध ठेवणारा, कंपनी चालवताना फसवणुकीबद्दल शिक्षा झालेला आणि गैरवर्तन किंवा नैतिक अधःपतनाच्या कारणावरून सरकारी नोकरीतून बडतर्फ झालेला. कंपनी किंवा भागीदारी असेल तर तिची नोंदणी भारतात हवी आणि मालक, भागीदार, संचालक किंवा बहुसंख्य समभाग हाती असलेला माणूस भारतीय नागरिक हवा. हे सगळं प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायचं असतं. एखादा जुना खटला असेल तर तो लपवू नका. खोटी माहिती देऊन मिळवलेला परवाना रद्द करायला तेवढं एक कारण पुरतं.

शुल्क कायद्यातच ठरलेलं आहे. एका जिल्ह्यासाठी ५,००० रुपये, एकाहून जास्त पण पाचपर्यंत जिल्ह्यांसाठी १०,००० आणि पूर्ण राज्यासाठी २५,०००. गोव्यात मुळात पाच जिल्हेच नाहीत, त्यामुळे मधला टप्पा आणि शेवटचा टप्पा यांत नक्की फरक काय, हा प्रश्न कोणालाही पडेल. चलन भरण्याआधी कार्यालयात विचारा आणि परवान्यावर जिल्ह्यांची नावं कशी लिहिली जातील ते बघून घ्या. म्हापशात ऑफिस, उत्तर गोव्यापुरता परवाना आणि मडगावात पोस्ट (म्हणजे गार्ड उभा करायची जागा), असं करून चालत नाही.

पोलिसांचा ना हरकत दाखला येतो, चौकशी होते, आणि अर्ज पूर्ण झाल्यापासून ६० दिवसांत निर्णय व्हायला हवा. 'पूर्ण' हा शब्द इथे महत्त्वाचा. एखादा कागद कमी असेल तर ते ६० दिवस सुरूच होत नाहीत. म्हणून दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच शिक्क्यासकट घ्या. परवाना नाकारायचा असेल तर तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं आणि आदेशात कारणं लिहावी लागतात. कोणीतरी नुसतं "होणार नाही" म्हटलं, तर तो नकार धरू नका, लेखी मागा. लेखी आदेशावर ६० दिवसांत राज्याच्या गृह सचिवांकडे अपील करता येतं. ज्या अधिकाऱ्याकडे तुमची फाइल आहे त्यालाही नियम आहेत, हे नवखा माणूस बहुधा विसरतो आणि मग एजंटच्या मागे लागतो.

परवाना हाती आल्यावर

तो पाच वर्षं चालतो. धंद्याच्या जागी दिसेल असा लावायचा, कपाटात ठेवायचा नाही. सहा महिन्यांत काम सुरू करायचं. ६० दिवसांत सुपरवायझर नेमायचे, आणि त्यात लष्कर, नौदल, हवाई दल, पोलीस किंवा होमगार्डमध्ये किमान तीन वर्षं काढलेल्यांना प्राधान्य द्यायचं. केंद्राच्या २००६ च्या नमुना नियमांत साधारण १५ गार्डमागे एक सुपरवायझर धरला आहे. २०२० मध्ये केंद्राने नवे नमुना नियम आणले, म्हणून आकड्यांसाठी राज्याचे चालू नियम हाताशी ठेवा.

गार्डचं वय १८ ते ६५. तो भारतीय नागरिक असावा किंवा केंद्राने अधिसूचना काढून मान्य केलेल्या देशाचा. किनारपट्टीवर नेपाळची बरीच मुलं या कामात दिसतात. त्यांना घेण्याआधी ती अधिसूचना प्रत्यक्ष वाचून घ्या, शेजारच्या एजन्सीने घेतली आहेत म्हणून घेऊ नका. उंची पुरुषाला १६० सेंटिमीटर, बाईला १५०. पुरुषाची छाती ८० सेंटिमीटर आणि फुगवून चार जास्त. चष्मा चालतो, रंगांधळेपणा चालत नाही. दर वर्षी वैद्यकीय तपासणी. कोर्टात दोषी ठरलेला किंवा सैन्य-पोलिसांतून गैरवर्तनामुळे काढलेला माणूस गार्ड म्हणून घेता येत नाही.

चारित्र्य पडताळणी हा सगळ्यात रेंगाळणारा भाग. तुमचे निम्मे उमेदवार ओडिशा, झारखंड, आसामचे असले तर चौकशी त्यांच्या मूळ गावी जाते. पडताळणी येईपर्यंत 'तात्पुरता' उभा करण्याचा मोह होतो, आणि नेमकी त्याच काळात चोरी झाली तर विमा कंपनी, सोसायटी आणि पोलीस तिघंही एकच कागद मागतात.

प्रशिक्षण नमुना नियमांप्रमाणे १०० तास वर्गात आणि ६० तास मैदानावर, किमान २० कामाच्या दिवसांत. माजी सैनिक आणि माजी पोलिसांना ४० आणि १६ तास, किमान सात दिवसांत. स्वतःची सोय नसेल तर मान्यताप्राप्त संस्थेशी करार करा. प्रमाणपत्र विकत मिळतं, हे मलाही माहीत आहे आणि तुम्हालाही कोणी ना कोणी सांगेलच. पण अभ्यासक्रमात काय आहे ते बघा: आग विझवणं, गर्दी हाताळणं, प्रथमोपचार, बेवारस वस्तू ओळखणं, ओळखपत्र तपासणं, एफआयआर कशी नोंदवतात, स्वसंरक्षणाचा हक्क कुठे संपतो. ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री हडफड्यातल्या नाइट क्लबला आग लागून २५ जण मेले, त्यात बहुतेक तिथेच काम करणारे होते. दारावर उभ्या असलेल्या माणसाला मागची वाट कुठे आहे, ती उघडी आहे की तिच्यापुढे क्रेट रचलेत, गॅस आणि वीज कुठून बंद होते हे ठाऊक हवं. प्रत्येक नव्या पोस्टवर पहिल्या दिवशी सुपरवायझरने गार्डला सगळ्या वाटा पायी फिरवून दाखवाव्यात. आणि बाहेर पडायच्या दाराला कुलूप असेल तर तसं गिऱ्हाइकाला लेखी कळवा, तोंडी नको.

गणवेश

लष्कर, नौदल, हवाई दल, पोलीस यांचा किंवा त्यांच्यासारखा दिसणारा गणवेश घातला, तर गार्ड आणि मालक दोघांनाही एक वर्षापर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तेव्हा खाकी विसरा, तीन तारेही विसरा. नमुना नियमांत बारीकसारीक गोष्टी दिल्या आहेत: बाहीवर एजन्सीचा बिल्ला, पदाचा बिल्ला, दोरीला बांधलेली शिट्टी डाव्या खिशात, लेस असलेले बूट, जवळ वही आणि पेन. एजन्सीने दिलेलं फोटो ओळखपत्र कमरेच्या वर, समोरून दिसेल असं. नोकरी सुटली की ते परत घ्यायचं.

बंदूक हा पूर्ण वेगळा विषय. पसारा परवाना म्हणजे शस्त्र परवाना नव्हे. शस्त्राला १९५९ च्या शस्त्र कायद्याखालचा परवाना लागतो. रोकड वाहतुकीला २०१८ चे स्वतंत्र नियम आहेत. पहिल्या दोन-तीन वर्षांत या दोन्हींच्या नादी लागू नका.

कोटेशन: इथेच एजन्सी तरते किंवा बुडते

एक पोस्ट, चोवीस तास, सातही दिवस. म्हणजे आठवड्याला १६८ तास. एका माणसाचे आठवड्याला ४८ तास धरले तर त्या एका पोस्टला साडेतीन माणसं लागतात. बाजारात ती पोस्ट दोन माणसांवर चालते, बारा-बारा तास, सुट्टी नाही. प्रत्येकाचे ८४ तास.

आता गंमत पाहा. ४८ च्या वरचे ३६ तास ओव्हरटाइम, आणि ओव्हरटाइमचा दर किमान दुप्पट. म्हणजे एका माणसाला ४८ अधिक ७२, अशा १२० तासांचा पगार आठवड्याला द्यावा लागेल. दोघांचे मिळून २४० तास. साडेतीन माणसांना मात्र १६८ तासांचाच पगार द्यावा लागला असता. म्हणजे कायद्याने चाललं तर बारा तासांची ड्युटी स्वस्त नाही, उलट महाग आहे. ती स्वस्त पडते ती एकाच कारणाने: ओव्हरटाइम दिलाच जात नाही. स्वस्त कोटेशन कुठून येतं, याचं सगळं गुपित या गणितात आहे.

म्हणून दर सांगताना फोड करून द्या. गोवा सरकारच्या चालू अधिसूचनेप्रमाणे किमान वेतन आणि महागाई भत्ता. त्यावर भविष्य निर्वाह निधी मालकाच्या वाट्याचा १२ टक्के आणि प्रशासन व विम्याचा आकार धरून १३. ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, ३.२५ टक्के, महिना २१,००० रुपयांपर्यंतच्या पगाराला. बोनस किमान ८.३३. ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१. मूळ पगारावर तीस टक्क्यांच्या आसपास इथेच गेले. मग सुट्टीच्या बदलीचा रिलिव्हर, गणवेश, प्रशिक्षण आणि त्यानंतर तुमचा सर्व्हिस चार्ज. जीएसटी १८ टक्के. एजन्सी कंपनी नसेल आणि गिऱ्हाईक जीएसटी-नोंदणीकृत असेल तर कर गिऱ्हाइकाने भरायचा असतो, ते सीएकडून नीट समजून घ्या. नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत, म्हणून पगाराची फोड जुन्या नमुन्यावरून उतरवू नका.

कामगार कायद्यांचा भंग हे पसारा परवाना रद्द करण्याचं एक कारण आहे, हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. सोसायटीच्या कमिटीला हे सांगा. दोन कोटेशनं समोर आली आणि एक निम्म्याने कमी असलं तर कमिटीने एवढंच विचारावं: "या पोस्टवर माणसं किती?"

रजिस्टर आणि गुप्तता

व्यवस्थापकांची आणि गार्डची नावं, पत्ते, फोटो, पगार आणि ज्यांना सेवा देता त्यांची नावं रजिस्टरमध्ये हवीत. तपासणी कधीही होऊ शकते. महिन्याअखेरीस बसून भरलेलं मस्टर एकाच शाईतलं, एकाच हातातलं असतं आणि तपासणाऱ्याच्या ते लगेच लक्षात येतं.

कामावर असताना कळलेली माहिती गार्डने मालकाशिवाय कोणाला सांगायची नाही, अशी कायद्याची अट आहे. सोडल्यानंतरही नाही. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला मात्र द्यायची, आणि तपासात पोलिसांना मदतही करायची. गोव्यात व्हिलांमध्ये नावाजलेली माणसं येऊन राहतात. कोण आलं, कोणाबरोबर आलं याचा फोटो गार्डच्या मोबाइलमधून तासाभरात व्हॉट्सअॅपवर फिरतो. ड्युटीवर मोबाइलचा नियम पहिल्या दिवशीच लेखी करून सही घ्या.

नूतनीकरण

मुदत संपण्याच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज द्यायचा असतो. पण त्या वेळीही चौकशी होणार आहे, आणि पाच वर्षांत भागीदार बदलला, ऑफिस म्हापशातून पर्वरीला हललं, एखादा खटला दाखल झाला, असं काहीही झालेलं असू शकतं. तीन महिने आधी कागद काढायला घ्या. गिऱ्हाइकाच्या कराराची मुदत परवान्याच्या मुदतीच्या पुढे जात असेल तर परवाना संपण्याची तारीख करारातच लिहा, म्हणजे नवा परवाना आल्यावर त्याची प्रत त्यांच्याकडे आपोआप जाईल आणि बिल अडकणार नाही.